ब्रेक डिस्कमधील वारंवार उद्भवणारे दोष

ब्रेक डिस्क ही मोटारगाडीच्या चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती होय. तिला दोन्ही बाजूंनी पॅडांनी दाबून गाडीचा वेग कमी केला जातो. या चकतीशी निगडित दोषांपैकी सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे ब्रेक दाबताच स्टिअरिंग, पेडल किंवा संपूर्ण गाडी थरथरणे. महाराष्ट्रातील गॅरेजांत या दोषाला ‘डिस्क आऊट झाली’ किंवा ‘डिस्क वाकली’ असे म्हणतात. चकती लेथवर घासून घेतली अथवा नवी बसविली की थरथर थांबते. मात्र अनेक गाड्यांत काही हजार किलोमीटर धाव झाल्यावर ती पुन्हा सुरू होते. अशा वारंवार परतणाऱ्या दोषाचे मूळ बहुधा चकतीत नसून ती ज्या पृष्ठावर बसते त्या हबमध्ये, कॅलिपरमध्ये, चाक आवळण्याच्या पद्धतीत किंवा चालकाच्या सवयीत असते. त्यामुळे केवळ चकती बदलणे हा खर्चिक व तात्पुरता उपाय ठरतो.

खानदेशाच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे. तापी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात वसलेल्या या प्रदेशाच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे आहेत. परिणामी पूर्वेकडील वऱ्हाडची वाट सोडली, तर जळगाव-धुळ्याच्या गाडीला बाहेरगावी जाताना किंवा परतताना कोठेतरी घाट उतरावाच लागतो.

रचना व कार्य

लहान मोटारींच्या पुढील चाकांतील डिस्कचा व्यास साधारणतः २३० ते २६० मिलिमीटर असतो. ती करड्या बिडाची ओतलेली असते. या धातूत ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असल्यामुळे तो उष्णता चांगली वाहून नेतो व कंपने काही प्रमाणात शोषून घेतो. पुढील डिस्क बहुतेक वेळा दोन थरांची असते आणि दोन थरांमधील पात्यांच्या पोकळीतून हवा खेळून ती थंड होते.

चकती हबच्या सपाट पृष्ठावर बसते व चाकाच्या नटांनीच तिची पकड पक्की होते. तिच्यावर कॅलिपर असतो. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन आतील पॅड चकतीवर टेकवितो आणि कॅलिपर स्वतः दोन पिनांवर सरकून बाहेरील पॅड ओढून घेतो. या पिना मोकळ्या सरकणे अत्यावश्यक आहे. पेडल सोडल्यावर पिस्टनभोवतीचे रबरी सील मूळ आकारात परतते व पिस्टनला किंचित मागे ओढते. पॅड दूर नेणारी स्वतंत्र स्प्रिंग अनेक गाड्यांत नसते, म्हणून मोकळ्या अवस्थेतही पॅड व चकती यांत केसभराचेच अंतर राहते. पुढे वर्णिलेला दोष समजण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा नष्ट करीत नाहीत, तिचे उष्णतेत रूपांतर करतात. १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबविताना सुमारे ४.६ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. तीच मोटार ३०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते. म्हणजे ताशी १०० किलोमीटरवरून लागोपाठ सात-साडेसात वेळा गाडी थांबविण्याइतकी. त्यातील काही भाग हवेच्या व टायरच्या विरोधात जातो. उरलेला भाग इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे चालकाने निवडलेल्या गिअरवर अवलंबून असते.

इतिहास

इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांच्या रचनेतील तांब्याचे अस्तर कर्कश आवाज करी आणि त्या काळच्या धुळीच्या कच्च्या रस्त्यांवर फार लवकर झिजे. पुढे अर्धशतक मोटारींवर ड्रम ब्रेकचेच राज्य होते. १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार विजयी ठरली आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएस या मोटारीपासून हे ब्रेक सामान्य ग्राहकांच्या गाड्यांत मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. भारतात अॅम्बॅसेडर व प्रीमियर पद्मिनीच्या पिढीला चारही चाकांना ड्रम होते. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढे डिस्क व मागे ड्रम अशी मिश्र रचना असते.

‘वाकलेली डिस्क’ ही समजूत

थरथरणारी चकती उष्णतेने वाकली आहे, अशी समजूत सर्वत्र आहे. ओतकामातील ताण मोकळे होऊन चकतीचा आकार अल्प प्रमाणात बदलणे अशक्य नाही; परंतु रस्त्यावरील मोटारींत हे क्वचित घडते. शर्यतीच्या मोटारींचे अमेरिकी अभियंता व लेखक कॅरोल स्मिथ यांनी ही समजूत ठामपणे खोडून काढली होती. प्रत्यक्ष मोजमाप केले असता आढळते ती वक्रता नव्हे, तर चकतीच्या जाडीत एका फेऱ्यात पडलेला फरक.

एखाद्या जागी चकती थोडी जाड व दुसऱ्या जागी थोडी पातळ असेल, तर पॅडांमधून जाड भाग जाताना पिस्टन मागे ढकलला जातो व पातळ भाग जाताना पुढे येतो. ब्रेक ऑइलचा दाब त्यानुसार वरखाली होतो व तो पायाला जाणवतो. ब्रेकचे बलही प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होते व ते स्टिअरिंगपर्यंत पोहोचते. यासाठी लागणारा फरक आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे पाव भाग, एवढा फरकही अनेक गाड्यांत जाणवतो. डोळ्यांनी पाहून किंवा बोट फिरवून तो कळत नाही.

ताशी ८० किलोमीटर वेगाला लहान मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे बारा फेऱ्या घेते. पुढील चाकांची सांधेरचना साधारण याच वारंवारतेच्या आसपास सहज झोके घेते. त्यामुळे शहरातील रहदारीत न जाणवणारी थरथर महामार्गावर ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगावरून ब्रेक दाबल्यास एकदम प्रकट होते व वेग उतरला की नाहीशी होते.

जाडीत फरक पडण्याचे मार्ग

पहिला व सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे चकतीचा डोल. चकती हबवर पूर्ण सपाट न बसता किंचित तिरपी बसली, तर फिरताना तिची कड डावीउजवीकडे डोलते. हबच्या पृष्ठावर गंजाचा पापुद्रा, मातीचा कण किंवा जुन्या स्क्रूभोवतीचा उंचवटा राहिला तरी एवढे घडते. हबचा व्यास सुमारे १३० मिलिमीटर व चकतीचा २५० मिलिमीटर धरल्यास हबच्या कडेला राहिलेला ०.०५ मिलिमीटरचा गंज चकतीच्या कडेला जवळजवळ ०.१ मिलिमीटर होतो. अनेक उत्पादक बसविलेल्या चकतीचा डोल ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत असावा असे सांगतात. म्हणजे सारी मुभा एका पापुद्र्यात संपते.

डोलणाऱ्या चकतीमुळे लगेच थरथर होत नाही, आणि येथेच निदान चुकते. नवी डिस्क बसविल्यावर गाडी उत्तम चालते, ग्राहक समाधानाने घरी जातो. परंतु ब्रेक न दाबताही चकतीचा डोललेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला हलकेच घासत राहतो. चाक एका किलोमीटरला सुमारे ५४० फेरे घेते, हजार किलोमीटरला पाच लाखांहून अधिक. ठरावीक दोन जागी होणारी ही झीज साठत जाते व काही हजार किलोमीटरनंतर जाडीतील फरक जाणवण्याइतका होतो. मग डिस्कच्या दर्जाला दोष देऊन दुसरी डिस्क त्याच गंजलेल्या हबवर बसविली जाते.

दुसरा मार्ग चाकाच्या नटांचा आहे. हवेच्या गनने नट एकामागून एक पूर्ण आवळले, तर एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूपेक्षा फार अधिक होतो आणि चकतीचा पातळ मधला भाग वेडावाकडा दाबला जातो. पंक्चर काढणे, टायर बदलणे, अलाइनमेंट अशा ब्रेकशी संबंध नसलेल्या कामानंतर सुरू होणाऱ्या थरथरीचे हे एक प्रमुख कारण आहे.

तिसरा मार्ग पॅडच्या द्रव्याचा. पॅडचे द्रव्य चकतीवर अतिशय पातळ थराच्या रूपाने चढते व हा थर सर्वत्र सारखा असणे इष्ट असते. घाट उतरून तापलेल्या गाडीला टोलनाक्यावर थांबवून पेडल तसेच दाबून ठेवले, तर पॅडखालच्या जागी थर जाड चढतो व तेथे पॅडच्या आकाराचा डाग उमटतो. ती जागा पुढे प्रत्येक वेळी अधिक तापते. तापमान ६५० ते ७०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेल्यास तेथील बिडाची अंतर्गत रचना बदलून सिमेंटाइट नावाचा अतिकठीण घटक तयार होतो. हे ठिपके कठीण असल्यामुळे कमी झिजतात, भोवतालचा भाग मात्र झिजत राहतो. लेथवर घासल्यानंतरही ते खोलवर शिल्लक राहत असल्याने थरथर पुन्हा येते. अशी चकती बदलणे हाच मार्ग.

चौथा मार्ग अडकलेल्या कॅलिपरचा. पिनांवरील रबरी टोपी फाटून आत धूळ व पाणी गेले, की पिना जाम होतात. मग एक पॅड सतत चकतीला टेकून राहतो, चकती तापते, आतील पॅड बाहेरील पॅडच्या कितीतरी आधी संपतो व मायलेजही घटते. गाडी महिनोन्महिने उभी राहिल्यास पिस्टनही गंजून अडकतो. पुण्या-मुंबईला नोकरीस असलेल्या कुटुंबांची गावी ठेवलेली गाडी दिवाळी किंवा लग्नसराईतच बाहेर निघते. अशा गाड्यांत हा दोष आणि चकतीवर पॅडच्या आकाराचा गंज हे दोन्ही एकत्र आढळतात.

खानदेशातील घाट, माती व हवामान

चाळीसगाव व कन्नड यांच्यामधील घाट औट्रम घाट म्हणूनही ओळखला जातो; खानदेशात भिल्ल पलटण उभारणारे ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रम यांचे नाव त्यास मिळाले आहे. कन्नडकडून चाळीसगावकडे येताना सलग उतार लागतो. छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे येताना अजिंठा गाव सोडल्यावर फर्दापूरपर्यंत असाच उतार आहे. धुळ्याच्या उत्तरेस मुंबई–आग्रा महामार्गावर सेंधव्याकडून शिरपूरकडे उतरणारा बिजासन घाट, तर धुळे–सुरत मार्गावर नवापूरकडे उतरणारा कोंडाईबारी घाट आहे. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचा वळणावळणाचा रस्ताही याच मालिकेतला.

या उतारांवर ब्रेक निकामी होण्याची किंमत काय असते, हे ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे दिसून आले. मध्य प्रदेशाकडून येणाऱ्या एका मालवाहू वाहनाचे ब्रेक निकामी झाल्याने ताबा सुटला व ते इतर वाहनांना धडकून महामार्गालगतच्या हॉटेलात घुसले. किमान दहा जणांना प्राण गमवावे लागले. भारतातील अवजड मालवाहनांना प्रायः हवेच्या दाबावर चालणारे ड्रम ब्रेक असतात, म्हणून त्या दुर्घटनेवरून मोटारीच्या डिस्कविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही; उष्णतेचा हिशोब मात्र दोन्हींना सारखाच लागू होतो.

जळगाव व भुसावळ येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि ब्रेकच्या तक्रारींचे खापर हमखास उन्हावर फोडले जाते. हा आरोप फारसा टिकत नाही. घाटात चकती काही शे अंशांपर्यंत तापते. हवा ३० अंशांऐवजी ४५ अंश असल्याने तीत पडणारा फरक लहान असतो. खानदेशातील खरा उपद्रव धूळ व काळ्या मातीचा आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतील बाजूस चिकणमाती लिंपली जाते व वाळून घट्ट बसते. त्यामुळे चाकाचे संतुलन बिघडून गाडी ब्रेक न दाबताही थरथरते व ही थरथर डिस्कची समजली जाते. चाक काढून आतील गाळ खरवडल्यावर अनेकदा तक्रारच उरत नाही.

निदान

निदानाचा पहिला प्रश्न थरथर केव्हा होते, हा आहे. ब्रेक न दाबता, विशिष्ट वेगाला होणारी थरथर चाकाचे संतुलन, टायर किंवा रिम यांच्याकडे बोट दाखविते. केवळ ब्रेक दाबतानाच होणारी थरथर डिस्क वा ड्रमची. स्टिअरिंग हलत असल्यास पुढील चाकांचा व आसन हलत असल्यास मागील चाकांचा संशय घ्यावा. मागे ड्रम असलेल्या गाडीत मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ३०–४० किलोमीटर वेगाला हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूच ओढला असता थरथर आली, तर ड्रम गोल राहिलेला नाही असे समजते. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबल्यावर पेडलला जाणवणारे जलद ठोके हे एबीएस यंत्रणेचे नेहमीचे काम आहे, तो दोष नव्हे.

काही अंतर शक्यतो ब्रेक न वापरता गाडी चालवून चारही चाकांच्या उष्णतेची तुलना केल्यास अडकलेला कॅलिपर लगेच सापडतो. त्यासाठी अवरक्त तापमापक वापरावा; चकतीला हात लावू नये. गाडी एका बाजूला ओढली जाणे हेही त्याचेच लक्षण होय. काही वेळा कॅलिपर निर्दोष असतो, पण रबरी नळी आतून फुगून ऑइल परत येऊ देत नाही.

यानंतर मोजमाप. चाक काढून चकती वॉशरसह नटांनी हबवर घट्ट बसवावी, बेअरिंगमध्ये खेळ नाही याची खात्री करावी आणि डायल गेज स्थिर भागावर रोवून त्याचे टोक चकतीच्या बाहेरील कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत टेकवावे. एक फेरा फिरवून काट्याची एकूण हालचाल पाहिली की डोल कळतो. डोल अधिक आढळल्यास चकती काढून नटाच्या एका छिद्राने पुढे फिरवून पुन्हा मोजावे. अधिक डोलाची जागा चकतीबरोबर सरकली तर दोष चकतीचा. ती हबच्या त्याच ठिकाणी राहिली तर दोष हबचा. पुन्हा पुन्हा डिस्क बदलूनही न सुटलेले कोडे या एका चाचणीने सुटते. जाडीतील फरकासाठी मायक्रोमीटरने परिघावर समान अंतरावरील आठ ठिकाणी मोजतात. डायल गेज हे मुळीच महागडे उपकरण नाही. लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडे ते असतेच, तरी ब्रेकच्या कामात त्याचा वापर विरळा दिसतो.

घाटात ब्रेक कमी लागण्याचे दोन निराळे प्रकार ओळखता यावेत. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तापून त्यांची पकड सैल झाली आहे. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंश आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ व १४० असे आहेत.

दुरुस्ती

चकतीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. घासल्यानंतर ती त्याहून कमी उरणार असेल, तर लेथचे काम करू नये. पातळ चकतीत उष्णता साठविण्याची क्षमता घटते व दोष लवकर परततो. चकती गाडीवरून काढून लेथवर घासताना ती लेथच्या पकडीत तिरपी बसल्यास एक डोल जाऊन दुसरा येतो. गाडीवरच चकती घासणारे यंत्र उपलब्ध असल्यास हबच्या तिरपेपणासह दुरुस्ती होते.

नवी चकती बसविण्यापूर्वी हबचे पृष्ठ तारेच्या ब्रशाने चकचकीत होईपर्यंत घासणे आवश्यक असते. नव्या चकतीवरील गंजरोधक तेलही पुसून काढावे लागते. कॅलिपरच्या पिना स्वच्छ करून त्यांना रबरास चालणारे विशिष्ट ग्रीस लावतात. साधे पेट्रोलजन्य ग्रीस किंवा डिझेलने केलेली धुलाई यांमुळे रबरी सील फुगतात. ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल ओतण्याची चूकही याच कारणाने घातक आहे. एका बाजूची चकती बदलल्यास दुसरी बदलावी व पॅडही जोडीनेच नवे घालावेत.

प्रतिबंध

चाकाचे नट आडव्या-उभ्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळून शेवटचा ताण टॉर्क पान्याने द्यावा. लहान मोटारींसाठी तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पंक्चरच्या दुकानात गनचा वापर झाला असल्यास नंतर नट सैल करून पुन्हा योग्य क्रमाने आवळणे हिताचे असते.

नवे पॅड घातल्यावर रहदारी नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० किलोमीटरपर्यंत मध्यम दाबाने वीसएक वेळा वेग उतरवावा, मध्ये चकती थंड होऊ द्यावी व गाडी पूर्ण थांबवू नये. यामुळे पॅडचा थर एकसारखा चढतो.

घाट ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही लागू आहे. ब्रेकवर सतत पाय टेकवून ठेवण्याऐवजी ठाम दाबून वेग उतरवावा व पाय उचलावा. त्यामुळे मधल्या काळात चकतीला हवा मिळते. इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे अत्यंत धोक्याचे आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मदत करणारी निर्वात यंत्रणा एक-दोन दाबांतच रिकामी होते व पेडल दगडासारखे कडक लागते. घाट संपल्यावर दोन-तीन किलोमीटर गाडी साध्या वेगाने चालू द्यावी. लगेच थांबल्यास चकतीवर डाग उमटतो आणि तापलेल्या चकतीवर वॉशिंग सेंटरमधील पाण्याचा फवारा मारल्यास तिला तडे जाण्याचा संभव असतो.

ब्रेक ऑइल सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी बदलण्यास सांगितले जाते. पावसाळा संपल्यावर एकदा चाके काढून पिनांच्या रबरी टोप्या, पॅडची जाडी व रिममधील गाळ पाहणे खानदेशासारख्या काळ्या मातीच्या भागात विशेष उपयुक्त ठरते. पॅडचे द्रव्य ३ मिलिमीटरपर्यंत उरले की ते बदलावेत. रात्रीच्या पावसानंतर चकतीवर दिसणारा तांबूस गंज पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो व त्याची चिंता करण्याचे कारण नसते.

विद्युत मोटारींत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करीत असल्याने डिस्कचा वापर कमी होतो. अशा गाड्यांत झिजेपेक्षा गंज व जाम झालेल्या पिना हेच दोष अधिक आढळतात.